सोनेरी तुकडी, काळी तुकडी : पहिल्या वर्षाच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल असलं की मी लॅबमध्ये मागच्या दारानं जाते. पुढून गेलं की सगळे सावरून बसतात आणि खरं काय चाललंय ते कळत नाही. काही वर्षांपूर्वी अशीच मागून गेले, तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं माझी चाहूल लागताच पटकन विंडो खाली घेतली. मला वाटलं, व्हिडिओ बघत असेल. वर घ्यायला सांगितली. स्क्रीनवर तिचा प्रोग्रॅम होता. ताऱ्यांचा, म्हणजे * या चिन्हांचा, पिरॅमिड छापणाऱ्या दहा-बारा ओळी आणि खाली सात एरर. ती ते एरर लपवत होती.

शेजारच्या मुलाचा पिरॅमिड केव्हाच झाला होता. उलटा पिरॅमिड, पोकळ पिरॅमिड, डायमंड, सगळं करून तो खुर्ची मागे रेलून बसला होता. त्याला बारावीला कॉम्प्युटर सायन्स होतं, शिवाय सुट्टीत क्लास केला होता. ती तालुक्याच्या गावाहून आलेली, बारावीला जीवशास्त्र घेतलेली. कीबोर्डवर सेमीकोलन कुठे असतो इथपासून तिची सुरुवात होती. रोल नंबर लागून आले म्हणून दोघं शेजारी बसली होती. सहाव्या आठवड्यात ती मला म्हणाली, "मॅडम, माझं डोकंच नाही हो यासाठी." गणिताच्या पहिल्या चाचणीत त्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त मार्क तिचेच होते.

मी तिला सांगितलं, सराव कर, जमेल. आपण सगळेच हे सांगतो. महिला दिनाला पाहुण्या बोलावतो, यशस्वी स्त्रियांचे फोटो लावतो, मुलींनी तंत्रज्ञानात यावं म्हणून कळकळीनं बोलतो. ती कळकळ खोटी नसते. पण तिच्या शेजारी कोण बसलंय आणि पहिल्याच तासाला तिची तुलना कोणाशी होते आहे, याचा विचार मी केलेला नव्हता. तो विचार एका कॉलेजनं नीट केला आणि त्याचं फळही त्यांना दिसलं. त्याची ही हकीकत.

क्लेरमाँट, २००६

हार्वी मड हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं खासगी कॉलेज. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी क्लेरमाँट नावाचं गाव आहे, तिथे १९५५ मध्ये ते स्थापन झालं. भर विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगवर. चारही वर्षांचे मिळून विद्यार्थी हजाराच्या आतच. प्रवेश मिळणं फार अवघड.

या कॉलेजची एक रीत इथे महत्त्वाची आहे. प्रवेश घेताना ब्रँच ठरत नाही. आधी सगळ्यांनी सगळं शिकायचं : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स. मुख्य विषय निवडायचा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. पहिल्या सत्रात ग्रेडही लावत नाहीत, नुसतं उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच.

म्हणजे तिथली प्रत्येक मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्गात बसत होती. कोणी तिला अडवत नव्हतं. अभ्यास करत होती, पासही होत होती. आणि दीड वर्षानं मुख्य विषय निवडायची वेळ आली की दुसरीकडे जात होती. २००६ च्या आधीची बरीच वर्षं कॉम्प्युटर सायन्स निवडणाऱ्यांमध्ये मुलींचं प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या पुढे सरकलं नव्हतं.

हे एकट्या हार्वी मडचं दुखणं नव्हतं. १९८४ च्या सुमाराला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत ३७ टक्के मुली होत्या. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा १८ च्या आसपास उतरला. वैद्यकीय, कायदा, बाकीचं विज्ञान, सगळीकडे मुली वाढत असताना इथे मात्र घट झाली. त्याच काळात घराघरांत कॉम्प्युटर आला होता आणि अनेक घरांत तो मुलाच्या खोलीत गेला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, त्यातून हेच वर आलं. मुलगे लहानपणापासून मशीनशी खेळून आलेले, मुली तो अनुभव नसताना आलेल्या. वर्गात आल्यावर मुलींना वाटायचं की ही जन्मजात हुशारी आहे आणि ती आपल्यात नाही. आधी आत्मविश्वास जायचा, मग आवड. क्रम असा होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त शेवट दिसतो आणि तो म्हणतो, "मुलींना आवडच नसते." त्या विद्यापीठानं प्रवेशाच्या वेळी आधीच्या प्रोग्रॅमिंगला वजन देणं कमी केलं, सुरुवातीचे अभ्यासक्रम अनुभवानुसार वेगळे केले, आणि १९९५ मध्ये ७ टक्के असलेल्या मुली २००० साली ४२ टक्के झाल्या.

हार्वी मडच्या प्राध्यापकांपुढे हे उदाहरण होतंच. क्रिस्टीन अल्वाराडो, झॅकरी डॉड्स, रॅन लिबेस्किंड-हदास ही मंडळी पहिला अभ्यासक्रम नव्यानं मांडत होती. त्याच सुमाराला, जुलै २००६ मध्ये, मारिया क्लावे कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. स्वतः गणित आणि कॉम्प्युटर सायन्समधल्या संशोधक, आधी प्रिन्स्टनला इंजिनिअरिंग विद्याशाखेच्या डीन. कॅम्पसवर स्केटबोर्ड चालवणाऱ्या, जलरंगात चित्रं काढणाऱ्या. श्रेय कोणाचं, असा प्रश्न आला की त्या विभागातल्या प्राध्यापकांकडे बोट दाखवतात आणि ते रास्त आहे. पण अध्यक्षानं पाठीशी उभं राहणं, पैसे देणं आणि जिथे जाईल तिथे हा विषय काढणं, याचंही मोल मोठं असतं. विभागात कोणाच्या डोक्यात चांगली कल्पना असते आणि वरून "बघू पुढच्या वर्षी" असं उत्तर येतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना ते मोल कळेल.

तीन कारणं

मुली या विषयापासून दूर का जातात, याची क्लावे आपल्या भाषणांतून तीन कारणं सांगत आल्या आहेत. त्यांना विषय रटाळ वाटतो. आपल्याला तो जमणार नाही असं वाटतं. आणि जी माणसं हा विषय करताना दिसतात, त्यांच्यात आपण बसत नाही असं वाटतं.

या तीन कारणांत कुठेही "मुलींची क्षमता" हा शब्द नाही, आणि तिन्ही गोष्टी वर्गातच बदलता येण्यासारख्या आहेत. रटाळपणा अभ्यासक्रमातून येतो. जमणार नाही हे तुलनेतून येतं. आपण इथले नाही ही भावना वर्गात कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, यातून येते. विभागानं नेमक्या या तीन ठिकाणी हात घातला.

तुकड्या कशा पाडल्या

आधी पहिला अभ्यासक्रम जावा भाषेतून शिकवला जायचा. जावामध्ये स्क्रीनवर एक साधी ओळ छापायची तरी आधी पाच-सहा शब्द असे लिहावे लागतात, ज्यांचा अर्थ शिक्षक "नंतर सांगतो" म्हणतो. ज्यानं आधी केलंय त्याला त्याचं काही वाटत नाही. नवख्या माणसाला मात्र पहिल्या मिनिटाला संदेश मिळतो की इथे न समजता लिहायचं असतं. विभागानं पायथॉन घेतली. तिच्यात एक ओळ छापायला एकच ओळ लागते.

पण भाषा बदलणं हा या प्रकरणातला लहान भाग आहे. लोक नेमकं तेवढंच उचलतात, म्हणून मुद्दाम सांगते. मोठा बदल विद्यार्थ्यांना बसवण्यात होता.

कॉलेजचे रंग काळा आणि सोनेरी. त्यावरून तुकड्यांना नावं दिली : ज्यांनी आधी प्रोग्रॅमिंग केलेलं नाही ते सोनेरी तुकडीत, ज्यांनी केलंय ते काळ्या तुकडीत. काही वर्षांनी जीवशास्त्रातली उदाहरणं घेऊन शिकवणारी हिरवी तुकडीही आली. नावांतलं शहाणपण बघा. "प्राथमिक" आणि "प्रगत" असं म्हटलं असतं तर सोनेरी तुकडीत बसणाऱ्याच्या कपाळावर शिक्का बसला असता. रंगाला वर-खाली नसतं.

दोन्ही तुकड्यांना मूळ अभ्यास एकच होता. काळ्या तुकडीला वर काही जादा विषय होते, कारण त्यांना कंटाळा आला असता. सत्र संपल्यावर दोन्ही तुकड्या पुढच्या अभ्यासक्रमात एकत्र यायच्या, आणि सोनेरी तुकडीतून आलेल्याला तिथे काही कमी पडू नये अशी आखणी होती. म्हणजे हे कायमचं वेगळं काढणं नव्हतं. चार महिने हातात अवजार बसेपर्यंत वेगळी खोली, एवढंच.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. विभागणी अनुभवावर होती, मुलगा-मुलगी यावर नाही. सोनेरी तुकडीत मुलगेही भरपूर होते. ज्या मुलानं आधी कधी कोड लिहिलेला नव्हता, तोही आधीच्या व्यवस्थेत असाच गप्प बसत होता. तो बाहेर पडला तर कोणी मोजत नव्हतं, इतकाच फरक. क्लावे सांगतात की पहिल्या वर्षातला हा सगळ्यात नावडता अनिवार्य विषय होता, तो बदलानंतर सगळ्यात आवडता झाला.

तुकड्या पाडल्या तरी प्रत्येक वर्गात एक-दोघं असे असतातच, जे प्रत्येक प्रश्नाला हात वर करतात, शिक्षकाचं वाक्य पुरं करतात, आणि प्रश्न विचारतात तो उत्तर हवं म्हणून नाही तर आपल्याला माहीत आहे हे कळावं म्हणून. बहुतेक वेळा ते मनानं वाईट नसतात. त्यांना विषयाचं खरंच वेड असतं आणि बोलायला दुसरं कोणी नसतं. हार्वी मडच्या शिक्षकांनी यावर साधा उपाय ठरवला. अशा विद्यार्थ्याला वर्गाबाहेर एकट्याला गाठायचं आणि प्रेमानं सांगायचं : तू वर्गात आहेस याचा मला आनंद आहे, तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण बाकीचे तुझ्यामुळे दबतात, तेव्हा हे सगळं आपण माझ्या खोलीत बसून बोलू. त्या मुलाचा अपमान होत नाही, उलट त्याला शिक्षकाचा हक्काचा वेळ मिळतो. आणि वर्गात शांतता पसरते, जिच्यात दुसरं कोणी तोंड उघडू शकतं.

संध्याकाळी मदतीला वरच्या वर्गातले विद्यार्थी असायचे. गृहपाठ तपासणारे आणि शिकवणारे तेच, म्हणून इंग्रजीतले ते दोन शब्द जोडून तिथे त्यांना "ग्रुटर" म्हणतात. प्राध्यापकाला विचारायला जीभ रेटत नाही असा प्रश्न वर्षभरानं मोठ्या मुलीला सहज विचारता येतो. ही व्यवस्था कागदावर फार लहान दिसते.

हिरवा ठिपका

त्या अभ्यासक्रमातला पहिल्या आठवड्याचा गृहपाठ मी स्वतः सोडवून पाहिला. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यात दिसतं.

स्क्रीनवर चौकटींची एक खोली असते. कडेला भिंती. आत एक हिरवा ठिपका, त्याचं नाव पिकोबॉट. फरशी पुसणाऱ्या यंत्रासारखं त्यानं खोलीतल्या प्रत्येक चौकटीवरून जायचं. तो कुठून सुरू होईल हे तुम्हाला माहीत नसतं. त्याला खोलीचा नकाशा दिसत नाही. फक्त लगतच्या चार बाजूंना, उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण, भिंत आहे की मोकळं आहे एवढंच कळतं. आणि त्याच्या डोक्यात एक आकडा असतो, आपण सध्या काय करतोय याची आठवण म्हणून. तुम्ही नियम लिहायचे : आकडा शून्य असेल आणि उत्तर मोकळी असेल तर उत्तरेला सरक, आकडा शून्यच ठेव. उत्तरेला भिंत असेल तर जागेवर थांब आणि आकडा एक कर.

बस, एवढीच भाषा. दहा मिनिटांत शिकून होते. मग खेळ सुरू होतो. ठिपका वरच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथेच अडकतो. आणखी एक नियम घालता, तो खाली येतो, पण त्याच उभ्या ओळीत वर-खाली फिरत राहतो. मग सुचतं की आधी त्याला एका कोपऱ्यात न्यायला हवं, तिथून एकेक ओळ पुसत जायला हवं. पुढच्या पायरीवर रिकाम्या खोलीऐवजी भूलभुलैया येतो, आणि तिथे युक्ती वेगळीच लागते : उजवा हात भिंतीला लावून चालत राहायचं. मी कागदावर पेन्सिलीनं खोली काढून बोट फिरवत बसले होते. सी भाषा शिकवण्यात एवढी वर्षं घालवली, तरी त्यातलं काही उपयोगाला येत नव्हतं.

गृहपाठाची खुबी हीच आहे. ही भाषा खास या गृहपाठासाठीच बनवलेली, म्हणून ती आधी कोणीच शिकून आलेलं नसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास लावलेला मुलगा आणि कालपर्यंत कॉम्प्युटर न हाताळलेली मुलगी, दोघं इथे एकाच पायरीवर असतात. आणि तरीही कॉम्प्युटर सायन्सचा गाभा, म्हणजे अवस्था, नियम, क्रमानं विचार, तो पहिल्याच आठवड्यात हाताला लागतो. पुढच्या आठवड्यांत मग सांकेतिक लिपी, चार-सोंगट्यांचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम, गणितातल्या सुंदर आकृत्या अशा गोष्टी येतात. ताऱ्यांचा पिरॅमिड कुठे येत नाही. पिरॅमिड वाईट नाही, पण तो छापून झाल्यावर त्याचं काय करायचं, या प्रश्नाला आम्ही कधी उत्तर दिलेलं नाही.

वर्गाबाहेर

दोन गोष्टी वर्गाबाहेर केल्या. एक, पहिल्या वर्षाच्या मुलींना ग्रेस हॉपर यांच्या नावानं भरणाऱ्या परिषदेला नेलं. हॉपर अमेरिकी नौदलातल्या अधिकारी, कंपायलरच्या, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या साधनाच्या, क्षेत्रातल्या आद्य संशोधकांपैकी एक. कॉम्प्युटिंगमधल्या स्त्रियांची ही परिषद १९९४ पासून भरते आणि २००६ ची शेजारच्याच सॅन डिएगोला होती. जिनं मुख्य विषय निवडलेलाच नाही अशा अठरा वर्षांच्या मुलीला शेकडो स्त्रिया एकत्र दिसतात, तेव्हा "या लोकांत मी बसत नाही" हे तिसरं कारण ढिलं होतं. दोन, पहिलं वर्ष संपल्यावर लगेच उन्हाळ्यात संशोधनाचं खरं काम दिलं, एका अभ्यासक्रमाच्या शिदोरीवर करता येईल असं. पगारी.

या परिषदेशी जोडलेला एक प्रसंग आपल्याकडेही गाजला होता. २०१४ मध्ये फिनिक्स शहरात मंचावर क्लावे सत्या नडेला यांची मुलाखत घेत होत्या. पगारवाढ मागायला संकोच वाटणाऱ्या स्त्रियांना काय सांगाल, असं त्यांनी विचारलं. नडेलांच्या उत्तराचा आशय होता की व्यवस्थेवर विश्वास ठेवा, न मागणं हेही चांगलं कर्म आहे. नडेला ज्या कंपनीचे प्रमुख, त्या मायक्रोसॉफ्टच्याच संचालक मंडळावर क्लावे तेव्हा होत्या. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की मला हे पटत नाही. प्रिन्स्टनला पगार न ठरवता आपणच होकार दिला होता हे सांगितलं, आणि नीट माहिती काढून, बोलण्याचा सराव करून मग मागायला जा, असा सल्ला दिला. नडेलांनी त्याच दिवशी आपलं उत्तर चुकलं असं लेखी कळवलं. या कॉलेजातल्या मुलींसमोर उभं असलेलं माणूस कसं होतं ते कळावं म्हणून हे सांगितलं.

आकडे आणि शंका

दहा-बारा टक्क्यांवरून चार-पाच वर्षांत प्रमाण ४० च्या आसपास गेलं. २०१६ मध्ये तिथून कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत ५५ टक्के मुली होत्या.

शंका घ्यायला जागा आहे आणि ती घ्यायलाच हवी. कॉलेज चिमुकलं, त्यामुळे दहा-वीस विद्यार्थी इकडचे तिकडे झाले की टक्का बराच हलतो. त्याच काळात कॉलेजनं एकूण मुलींचे प्रवेशही वाढवले, जवळपास निम्म्यापर्यंत नेले, त्यामुळे सगळी वाढ अभ्यासक्रमाच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय सगळे उपाय एकत्र झाले. पायथॉननं किती, तुकड्यांनी किती, परिषदेनं किती, हे वेगळं काढणं कठीण. तरीही एकूण प्रवेशात झालेली वाढ या पाचपट वाढीचा हिशोब पुरा करत नाही. मधे काहीतरी खरं घडलं आहे.

आणि त्या कॉलेजात सगळं आलबेल झालं असंही नाही. २०१७ च्या वसंतात अभ्यासाचा ताण आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न इतका पेटला की दोन दिवस वर्ग बंद ठेवावे लागले. मुलींची संख्या वाढली म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याचा श्वास मोकळा झाला, असं होत नाही. मला हे या प्रकरणातलं न सुटलेलं टोक वाटतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे

आपल्याकडे हे जसंच्या तसं लावता येणार नाही, कारण आपला प्रश्नच जरा वेगळ्या ठिकाणी आहे. इथे ब्रँच ठरते ती सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅप राउंडमधून, पहिला प्रोग्रॅम लिहिण्याच्या आधी. चाखून निवडण्याची सोय नाही. आणि कॉम्प्युटर, आयटीच्या वर्गांत आपल्याकडे मुली चांगल्या संख्येनं दिसतात. एसीतलं काम, शहरातली नोकरी, म्हणून घरचेही हरकत घेत नाहीत. शासनानंही दार उघडं ठेवायचा प्रयत्न केला आहे. प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास, आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ मध्येच खास मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं.

मग गळती कुठे आहे? ती शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दिसते. चौघांचा ग्रुप. दोन मुलगे, दोन मुली. कोड कोण लिहितं? ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, कोण लिहितं? पीपीटी कोण करतं? मी वर्षानुवर्षं प्रोजेक्टच्या ओरल घेते आणि उत्तर बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. मुलगी छान सादरीकरण करते, आकृत्या समजावते. मग मी म्हणते, हे फंक्शन उघडून दाखव, आणि ती शेजारच्या मुलाकडे बघते. तिला येत नाही म्हणून नव्हे. पहिल्या वर्षाच्या सहाव्या आठवड्यात केव्हातरी तिनं ठरवलेलं असतं की कोड हे दुसऱ्याचं काम. तीन वर्षं तिनं बाकी सगळं उत्तम केलं आणि त्या एका गोष्टीला हात लावला नाही. पदवी तिला मिळते, नोकरीही मिळते. पण पाच वर्षांनी डिझाइनचे निर्णय घेणाऱ्या टेबलावर कोण बसणार, ते पहिल्या लॅबमध्ये बरंचसं ठरून गेलेलं असतं.

म्हणून हार्वी मडचा मुख्य विषय निवडीचा आकडा आपल्याला फारसा उपयोगी नाही. त्यांच्या पहिल्या सत्रात मात्र आपल्यासाठी खूप काही आहे.

रोल नंबरची यादी

आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरनं पडतात. एक ते वीस पहिली, एकवीस ते चाळीस दुसरी. कोणी मुद्दाम केलेलं नाही, सोयीचं आहे म्हणून चालत आलंय. हार्वी मडचं वाचल्यावर मी विभागप्रमुखांकडे गेले आणि एका डिव्हिजनपुरती बॅच अनुभवानुसार पाडू द्या म्हणून विनंती केली. टाइमटेबल तेच, लॅब तीच, शिक्षक तेच, खर्च शून्य. ओरलच्या वेळी गोंधळ होईल, अशी एक अडचण निघाली. ओरल रोल नंबरनंच घेऊ, असं ठरलं.

चुका झाल्या. अनुभवी बॅचमध्ये दोनच मुली आल्या आणि त्या आधीपेक्षा एकट्या पडल्या. पुढच्या वेळी त्यांना सलग बसवलं आणि त्यांचा बहुतेक गृहपाठ जोडीनं केला, तरी ते पूर्ण सुटलं असं म्हणवत नाही. एका मुलानं सोपी बॅच मिळावी म्हणून आपला क्लास लपवला. दोन्ही बॅचना चाचणी एकच आहे हे कळल्यावर स्वतःहून सांगायला आला.

वर्गाबाहेर एकट्याला गाठून बोलायचं, तेही केलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणाऱ्या एका मुलाला कॉरिडॉरमध्ये थांबवलं आणि जमेल तितक्या मायेनं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला बरं वाटतं, कोणीतरी उत्तर देतंय म्हणून." खरंच होतं ते. वर्ग गप्प असला की मी त्याच्याचकडे बघायची, मीच त्याला ती सवय लावली होती. त्यानंतर दर गुरुवारी तो माझ्या केबिनमध्ये येऊन बसायचा आणि आम्ही सी भाषेतल्या पॉइंटरवर तासभर बोलायचो.

नवख्यांच्या बॅचमध्ये मी सुरुवात पिरॅमिडनं केली नाही. चौकटींची वही वाटली, ठिपका काढायला सांगितला. दुसऱ्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये इतका गलका होता की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. दोन मुली भांडत होत्या, ठिपका कोपऱ्यात आधी न्यायचा की नंतर. मी मागच्या दारानं आत आले तरी कोणी विंडो खाली घेतली नाही. एकीनं मला हात धरून ओढलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, इथे अडकणार आहे तो."

बॅच पाडण्यासाठी पहिल्या दिवशी एक कागद भरून घेते. तीनच प्रश्न. बारावीला कोणते विषय होते? घरी किंवा जवळपास कॉम्प्युटर होता का? शाळेत कधी प्रोग्रॅम लिहिला आहे का? यंदाचे कागद अजून माझ्या टेबलावर आहेत. तिसऱ्या प्रश्नापुढे बहुतेकांनी हो किंवा नाही लिहिलंय. एका मुलीनं बारीक, रेखीव अक्षरात लिहिलंय : "शाळेत लॅब होती. चावी सरांकडे असायची."